अण्णांचं नेहमीचं

हॉटेलात जेवायला जाणं यात असतं काय? भूक लागली की आत शिरायचं, पोट भरलं की बाहेर यायचं. पण इतक्या साध्या गोष्टीचंही रीतसर प्रकरण करून दाखवायला अंगात गुण असावे लागतात, आणि पाणीपुरवठा खात्यातले मुख्य कारकून अण्णा यांच्या अंगात ते ठासून भरले होते.

झालं असं, की अण्णांच्या लेकीनं स्वतःचं लग्न स्वतःच जमवलं. मुलगा चांगला, नोकरी चांगली, त्याची आई हसतमुख. घोडं अडलं होतं ते मुलाच्या वडिलांपाशी. ते निवृत्त हेडमास्तर. निवृत्त म्हणजे फक्त शाळेतून. उरलेल्या जगाला ते अजून आपल्या शाळेतच धरत. दारूचं तर त्यांना इतकं वावडं, की एकदा पंगतीत शेजारच्या माणसाच्या तोंडाला वास आला म्हणून ते भरल्या ताटावरून उठून गेले होते. तो शेजारचा माणूस म्हणजे त्यांचा सख्खा मामा. त्या दिवसापासून मामा-भाचे बोलत नाहीत.

"आधी माणसं बघीन, मग काय ते सांगीन," एवढंच हेडमास्तर म्हणाले होते. ते 'हो' म्हणाले तरच पुढचं. कुणाच्या घरी भेटलं की कुणावर तरी दडपण येतं, म्हणून गावाच्या मधोमध, चौकातल्या त्या नावाजलेल्या हॉटेलात रविवारी संध्याकाळी दोन्ही घरांनी जेवायला भेटायचं, असं मुलांनी ठरवलं. त्या हॉटेलात खाली बार होता हे खरं, पण फॅमिली विभाग वर, जिना वेगळा, दारही वेगळं. वरच्याला खालचा वाससुद्धा लागायचा नाही.

"अण्णा, एकच विनंती," लेक म्हणाली. "मागच्या वेळेसारखं करू नका."

मागच्या वेळी, म्हणजे लेक पदवीधर झाली तेव्हा, वेटरनं जाड पुठ्ठ्यातलं मेन्यूकार्ड अण्णांसमोर ठेवलं. अण्णांनी ते पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, खिशातून पेन काढलं, खाली तारीख टाकून सही केली आणि परत दिलं. आता यात हसण्यासारखं काय आहे? ज्या माणसापुढे उभी हयात पुठ्ठ्यात घातलेलं जे जे आलं ते सही होऊनच परत गेलं, त्याचा हात आपोआप चालणारच. पण तेवढ्यावर थांबले असते तर ते अण्णा कसले! वेटर ताटकळत उभा आहे हे त्यांना बघवेना. त्यांनी शेजारची खुर्ची ओढली आणि "आपण बसा ना, घ्या आमच्याबरोबर दोन घास," असा आग्रह धरला. वेटर मॅनेजरकडे बघायला लागला आणि लेकीनं उरलेलं जेवण रुमालामागे तोंड लपवून संपवलं.

"मला काय शिकवतेस?" अण्णा आता म्हणाले. "त्या हॉटेलात मी कामानिमित्त कैकदा गेलोय."

हे अगदीच खोटं नव्हतं. हॉटेलचा पाण्याचा मीटर मागच्या दाराशी होता आणि तिथपर्यंत अण्णा खरोखरच गेले होते.

पण रात्रभर त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नाही. आपल्यामुळे पोरीचं जमलेलं मोडलं तर? सकाळी उठून ते वरच्या मजल्यावर सर्वज्ञांकडे गेले. सर्वज्ञ हे अर्थात त्यांचं खरं नाव नव्हे. ते एके काळी औषधं विकत गावोगाव हिंडले होते, आणि औषधं सोडून जगातल्या सगळ्या विषयांची माहिती गोळा करून परतले होते.

"हेडमास्तर?" सर्वज्ञांनी डोळे मिटले. "मग संपलंच. हेडमास्तर माणूस तोंडाकडे बघत नाही, हाताकडे बघतो. काटा कसा धरता त्यावरून तो तुमचं घराणं ओळखणार. आणि वाटाणे मागवणार, लिहून ठेवा. वाटाण्यांत भलेभले गळतात."

"मग करू काय?"

"तालीम! नाटकाची करतात, मग सोयरिकीची का नको? रोज जा, बसा, खा. रविवारपर्यंत असे तयार व्हाल, की हॉटेल तुमच्या वडिलांनी बांधलं असं वाटेल."

झालं. दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटायच्या आतच अण्णा बाहेर पडले. टेबलावर तक्रारींचे कागद साचले होते, पण पोरीच्या लग्नापुढे लोकांचे नळ कोण बघतो? हॉटेलच्या दारात मॅनेजर उभा होता. अण्णांनी वर बसायची इच्छा प्रकट केली.

"वर एकट्या पुरुषाला बसता येत नाही. नियम आहे. फॅमिली घेऊन या."

नियम म्हटला की अण्णांची मान आपोआप झुकते. तरी ते आवाज खाली आणून म्हणाले, "अहो, फॅमिलीला कळू नये म्हणूनच तर आलोय."

मॅनेजरच्या चेहऱ्यावर एकदम माया दाटून आली. त्यानं अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला. "मग खाली बसा, साहेब. खाली सगळे त्याचसाठी येतात."

आणि अशा रीतीनं, ज्या अण्णांनी आयुष्यात खोकल्याचं औषधही बाटलीवरचा मजकूर वाचल्याशिवाय घेतलं नव्हतं, ते बारमध्ये कोपऱ्यातल्या टेबलाशी जाऊन बसले. आत मंद उजेड होता, काउंटरमागे बाटल्यांच्या रांगा होत्या आणि अण्णांना आपण पोलिसांच्या पिंजऱ्यात बसल्यासारखं वाटत होतं. भरघोस मिशांचा एक वयस्क वेटर आला. अण्णा अर्धवट उठून उभे राहिले.

"आपल्याकडे वाटाणे मिळतील का?"

"मिळतील. आणि प्यायला?"

"प्यायला... सभ्य असं काही?"

मिशीवाल्यांनी आल्याचा सोडा आणला. फेसाळलेला, सोनेरी, आणि बारमध्ये दुसरे ग्लास नसल्यामुळे उंच दांडीच्या बियरच्या ग्लासात. एक घोट घेतला आणि अण्णांचा जीव जरा थाऱ्यावर आला. मग त्यांनी खासगीत विचारलं, "काटा कसा धरायचा, जरा दाखवता का?"

"साहेब, मी आणून ठेवतो आणि उचलून नेतो," मिशीवाले प्रामाणिकपणे म्हणाले. "मधलं मी कधी केलेलं नाही."

अण्णांनी काट्यानं पहिला वाटाणा टिपायला घेतला. वाटाणा उडाला आणि पलीकडच्या टेबलावर एका गृहस्थांच्या ग्लासात जाऊन पडला. ते गावातले दातांचे डॉक्टर निघाले. त्यांनी ग्लासातला वाटाणा पाहिला, अण्णांचा हात पाहिला आणि खुर्ची सरकवून ते जवळ आले. काटा हे एक हत्यार आहे आणि ते हिरडीला न दुखवता आत गेलं पाहिजे, असं त्यांचं मत पडलं. त्यावर दुसऱ्या टेबलावरचा विमा एजंट म्हणाला, की छे छे, काटा उताणा धरून वाटाणे त्यावर लोटायचे असतात. या एजंटाला बारमध्ये सगळे हुंदके म्हणत, कारण दुसऱ्या ग्लासानंतर तो रडत असे. डॉक्टर म्हणाले, वाटाणे लोटायला ते काय कोळसे आहेत? काउंटरमागच्या माणसानं आपलं तिसरंच मत दिलं. त्या संध्याकाळी बारमध्ये अण्णांना धरून शिकवणारे पाच झाले आणि पोटात वाटाणा एकही गेला नाही.

दुसऱ्या संध्याकाळी अण्णा आले तेव्हा कोपऱ्यातलं टेबल पुसून ठेवलेलं होतं. तिसऱ्या संध्याकाळी मिशीवाल्यांनी न विचारताच सोडा आणला आणि म्हणाले, "नेहमीचं." खरं सांगायचं तर अण्णांना ते फार आवडलं. ऑफिसात साहेब त्यांना 'अहो ते' म्हणून हाक मारत. इथं कुणालातरी त्यांचं नेहमीचं ठाऊक होतं. त्या नादात ते एकाचे तीन-तीन सोडे प्यायला लागले.

मध्येच एकदा हुंदक्यांनी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडून घेतलं. बायको भांडून माहेरी गेली होती. अण्णांच्या तोंडात नुकताच, पहिल्यांदाच, वाटाणा गेला होता. तो पडू नये म्हणून ओठ मिटूनच ते कसेबसे म्हणाले, "मग फोन करा की." हुंदके त्यांच्याकडे असे बघत राहिले, जसं काही हे आजवर कुणाला सुचलंच नव्हतं.

इकडे घरी मात्र भलतंच शिजत होतं. एके संध्याकाळी अण्णा बारमधून गुणगुणत बाहेर पडत होते आणि समोरच्या फुटपाथवर सर्वज्ञ उभे होते. आता सल्ला यांनीच दिला होता ना? पण सल्ला देणाऱ्याला आपला सल्ला लक्षात ठेवायची गरज काय? सर्वज्ञ तडक अण्णांच्या घरी गेले.

"वहिनी, मन घट्ट करा," ते अण्णांच्या पत्नीला, माईंना म्हणाले. "अण्णा त्या हॉटेलात तळमजल्यावर बसायला लागलेत."

माईंनी त्यांना उडवून लावलं. पण रात्री अण्णा आले तेव्हा त्यांच्या तोंडाला आल्याचा वास येत होता. सकाळी माईंनी तेवढं सांगितलं, तर सर्वज्ञांनी कपाळावर हात मारला. "घ्या! दारूचा वास मारायलाच खातात ते आलं. मुरलेल्यांची ही खूण आहे."

मग काय विचारता! सगळी इमारत अण्णांच्या उद्धाराला लागली. कुणी दाराखालून लिव्हरचं रंगीत चित्र सरकवलं. तळमजल्यावरच्या आजींनी जिन्यात अडवून "देवानं दिलेलं शरीर आहे रे," म्हणत गालावरून हात फिरवला. वॉचमन आता त्यांना हात धरून पायऱ्या चढवायला लागला. अण्णांना यातलं काही कळेना. लेकीचं लग्न ठरतंय म्हणून लोकांना आपल्याबद्दल आदर वाटू लागला, अशी त्यांनी समजूत करून घेतली.

माई मात्र आतल्या आत तुटत होत्या. शनिवारी रात्री जेवणं झाल्यावर त्या अण्णांशेजारी येऊन बसल्या. "अहो, लेक जाणार म्हणून लागलंय का तुमच्या जिवाला? मला सांगा ना. मी काय परकी आहे?"

लेक जाणार हे त्यांनी या सगळ्या गडबडीत मनात येऊच दिलं नव्हतं. "काही नाही गं," ते म्हणाले. माईंना पुन्हा आल्याचा वास आला आणि त्या तोंड फिरवून झोपल्या.

रविवार उजाडला आणि मावळायला आला. चौकातल्या हॉटेलपुढे दोन्ही घरं समोरासमोर उभी राहिली. हेडमास्तर काठीसारखे सरळ, डोक्यावर चकचकीत टक्कल, खिशाला लाल आणि निळं अशी दोन पेनं. त्यांच्या पत्नी गोल चेहऱ्याच्या, सगळ्याला हसणाऱ्या. मुलगा आणि लेक घामानं डबडबलेले. अण्णा छाती काढून वरच्या जिन्याकडे निघाले, तोच मॅनेजर आडवा आला.

"वर नका जाऊ. पाइप फुटलाय. घोट्याएवढं पाणी आहे वर."

"पाइप? कसा फुटला?" अण्णांमधला कारकून जागा झाला.

"रस्त्यावरच्या लाइनीला दाब जास्त येतोय. पाणी खात्यात सांगून सांगून जीभ झिजली माझी. पण तिथले मुख्य कारकून हल्ली सुट्टी व्हायच्या आधीच पळतात म्हणे. कुठं तडमडायला जातात देव जाणे!"

अण्णांनी जिन्याच्या कठड्याला धरलं. आपण कुठं तडमडायला जात होतो हे त्यांना फार चांगलं ठाऊक होतं.

"खाली बसा की," मॅनेजर म्हणाला. "साहेब तर आपलेच आहेत."

हेडमास्तरांची एक भुवई वर गेली. "खाली काय आहे?"

"बार," मॅनेजर म्हणाला.

हेडमास्तर जागच्या जागी वळले. पण त्यांच्या पत्नी वळल्या नाहीत. "मला भूक लागलीय," त्या म्हणाल्या. "सकाळपासून तुम्ही पोटात जागा ठेवायला लावलीय. मी कुठंही बसून जेवणार." आणि त्या सरळ आत शिरल्या. त्यांच्यामागून नाइलाजानं हेडमास्तर, आणि सगळ्यात मागे, बळी द्यायला नेल्यासारखे अण्णा.

दार उघडलं आणि अख्खा बार आनंदानं ओरडला, "अण्णाऽऽ!"

लेक थांबली. माई थांबल्या. दातांचे डॉक्टर उठून म्हणाले, "आज फॅमिलीसकट! वा, हिंमत लागते." काउंटरमागच्या माणसानं लांबूनच सलाम ठोकला. मिशीवाल्यांनी कोपऱ्यातल्या टेबलाला दुसरं टेबल जोडून खुर्च्या मांडल्या, सगळे बसले न बसले तोच उंच दांडीचा, फेसाळता, सोनेरी ग्लास अण्णांसमोर ठेवला आणि प्रेमानं म्हणाले, "नेहमीचं."

वरून ठिबकणाऱ्या पाण्याचा आवाजसुद्धा टेबलावर ऐकू यायला लागला.

"हे रोज येतात?" हेडमास्तरांनी मिशीवाल्यांना विचारलं. वर्गात खडू कुणी फेकला, हे ते याच आवाजात विचारत असणार.

"एक दिवस चुकले नाहीत!" मिशीवाले अभिमानानं म्हणाले.

"आणि किती घेतात?"

"आधी एकच घ्यायचे. पण आता तीन-तीन सहज होतात."

अण्णा मिशीवाल्यांना डोळ्यांनी खुणावत होते. आणखी स्तुती हवी असेल असं समजून मिशीवाले म्हणाले, "आणि एवढे घेऊनही चालत घरी जातात."

हे कमी होतं म्हणून की काय, दार उघडून हुंदके आत आले. आज त्यांच्याबरोबर त्यांची बायकोही होती. दोघांनी येऊन अण्णांचे पाय धरले. "यांच्यामुळे माझं घर पुन्हा उभं राहिलं," हुंदके हेडमास्तरांना सांगायला लागले. "मी दुसऱ्या ग्लासाला होतो, हे तिसऱ्या. यांनी मला इथंच, याच टेबलावर मार्ग दाखवला!" आणि त्यांनी सवयीप्रमाणे हुंदका दिला.

हेडमास्तर उठले. त्यांनी खुर्ची आत सरकवली. मुलगा "बाबा, बाबा" करत राहिला. लेकीच्या डोळ्यांत पाणी तरारलं, आणि ते पाहिलं मात्र, अण्णांचा इतके दिवस सांभाळलेला सगळा आब गळून पडला. ते ताडकन उभे राहिले.

"सर, मी पित नव्हतो हो! मी काटा धरायला शिकत होतो!"

"काय?" हेडमास्तर म्हणाले.

"काटा. वाटाणे खायला. मला हॉटेलात वागता येत नाही. मागे मी मेन्यूवर सही केली होती, वेटरला जेवायला बसवत होतो. माझ्यामुळे पोरीचं हसं झालं. या वेळी तुमच्यासमोर तसं झालं असतं आणि तुम्ही नाही म्हणाला असता, तर मी तिला तोंड कसं दाखवलं असतं? वर एकट्याला बसू देत नाहीत, म्हणून खाली बसलो. ग्लासात आल्याचा सोडा आहे. विश्वास नसेल तर घेऊन बघा."

हेडमास्तरांनी ग्लास उचलला, उजेडात धरला, हुंगला. एक घोट घेतला. तोंडात घोळवला. आणि मग, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, उभ्याउभ्या तो ग्लास तळापर्यंत रिकामा केला.

"आलं आहे," त्यांनी निकाल दिला.

"म्हणजे तो वास..." माई पुटपुटल्या.

"आल्याचाच होता," अण्णा म्हणाले. माईंनी सगळ्यांदेखत त्यांच्या दंडाला चिमटा काढला आणि मग डोळे पुसायला रुमाल शोधू लागल्या.

"आणि काटा? जमला का धरायला?" हेडमास्तरांनी विचारलं.

अण्णांनी मान खाली घातली. "नाही अजून."

एवढ्यात हेडमास्तरांच्या पत्नीला हसू फुटलं. साधंसुधं नाही, त्या टेबलावर डोकं टेकून गदगदून हसत होत्या. हेडमास्तर म्हणाले, "पुरे!" पण त्या कसल्या ऐकतायत!

"अहो, यांनी घरी काय मांडलं होतं ठाऊक आहे? रोज संध्याकाळी हे टेबलाशी बसायचे, आणि मी खांद्यावर टॉवेल टाकून उभी! वेटर म्हणून! 'काय आणू साहेब' म्हणायचं. एकदा मी नुसतं 'काय आणू' म्हटलं, तर दाराबाहेर जाऊन पुन्हा यायला लावलं. का, तर मुलानं यांना सांगितलं होतं, की बाबा, या वेळी तरी वेटरला ताठ उभं राहा म्हणू नका आणि मेन्यूवर लाल पेन चालवू नका. मागच्या वेळी यांनी सगळ्या चुका काढून खाली शेरा मारला होता, 'प्रयत्न बरा, सुधारणेस वाव'!"

हेडमास्तरांच्या टकलाला टोकापर्यंत लाली चढली. नेमका तेव्हाच छतातून एक टपोरा थेंब सुटला आणि टकलाच्या बरोबर मध्यावर पडला. हेडमास्तरांनी वर पाहिलं. मग अण्णांकडे पाहिलं.

"पाणी खात्यातले मुख्य कारकून म्हणजे तुम्हीच ना?"

"मीच," अण्णा म्हणाले. "उद्या सकाळी पहिलं काम तेच करतो, सर."

"बसा," हेडमास्तर म्हणाले आणि स्वतःही बसले. मग मिशीवाल्यांकडे वळून, शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाले, "आम्हाला वाटाणे नकोत. आणि यांचं ते नेहमीचं... सगळ्यांना एकेक."

मिशीवाल्यांनी मेन्यूकार्ड आणून दोघांच्या मध्ये ठेवलं. हेडमास्तरांनी ते उघडलं. वाचता वाचता त्यांचा हात खिशाकडे गेला, थांबला, पुन्हा गेला. लाल पेन बाहेर आलं. मुलानं डोळे मिटले. तीन पानं तपासून झाल्यावर हेडमास्तरांनी खाली शेरा मारला आणि कार्ड अण्णांकडे सरकवलं. अण्णांनी शेरा वाचला, मान डोलावली, आपलं पेन काढलं, आणि शेऱ्याखाली तारीख टाकून सही केली. लेक आणि होणारा जावई एकाच रुमालामागे तोंड लपवून बसले. ते कार्ड मॅनेजरनं पुढे काउंटरमागे फ्रेम करून लावलं.

लग्नाला अख्खा बार आला होता. डॉक्टर आले, हुंदके जोडीनं आले आणि आनंदानं रडले. सर्वज्ञ तर ज्याला त्याला सांगत होते, की तालमीची कल्पना मुळात त्यांची. जेवणाच्या वेळी अण्णांना मिशीवाले दिसले. कोट घालून आलेले, पण सवयीनं भिंतीला पाठ लावून, हात मागे बांधून उभे.

अण्णांनी त्यांना हात धरून मधल्या टेबलाशी आणलं आणि खुर्ची ओढली. मिशीवाल्यांनी इकडे तिकडे पाहिलं; मॅनेजर समोरच बसून जेवत होता. तो हसला आणि त्यानं बसा अशी खूण केली. मिशीवाले अंग चोरून बसले. शेजारच्या खुर्चीवरच्या हेडमास्तरांनी आपल्या ताटाजवळचा काटा उचलून त्यांना दाखवला आणि म्हणाले, "हा धरायची सक्ती नाही."

मग अण्णांनी खांद्यावर टॉवेल टाकला, ताठ उभे राहिले आणि किंचित वाकून विचारलं, "काय आणू, साहेब? नेहमीचं?"

मिशीवाल्यांनी मिशीवरून हात फिरवला. त्यांना आयुष्यात हे कधी कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळे उत्तर द्यायला त्यांना जरा वेळच लागला.